रास्पबेरी पायवर जुनं सॉफ्टवेअर कंपाइल होईना, तेव्हा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवायला ६४-बिट रास्पबेरी पाय (एका सर्किट बोर्डावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) बसवलाय. त्यासाठी २००९ सालची एक लायब्ररी (दुसरे प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) लागत होती, आणि ती सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करायची होती. कंपाइल करण्याआधी मशीन तपासणारी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट चालवली की लगेच एरर: बिल्ड टाइप (कंपाइल होतंय त्या मशीनचा प्रकार) ओळखता येत नाही, तुम्हीच सांगा.

मग '--बिल्ड=एआर्च६४-अननोन-लिनक्स-जीएनयू' दिलं. तरी नाहीच! आता 'कॉन्फिग.सब' म्हणतं, हे मशीन मला माहीत नाही. आणि ते खरंच आहे. सोर्ससोबत आलेल्या 'कॉन्फिग.गेस' आणि 'कॉन्फिग.सब' या मशीनचा प्रकार ओळखणाऱ्या दोन्ही स्क्रिप्टा ६४-बिट आर्मच्या (पायमधला प्रोसेसर, म्हणजेच एआर्च६४) आधीच्या. त्यांच्या यादीत ते नावच नाही.

उपाय सोपा आहे. डेबियन लिनक्सवर 'ऑटोटूल्स-डेव्ह' पॅकेज टाकायचं, '/यूएसआर/शेअर/मिस्क' मधल्या याच नावाच्या दोन नव्या फाइली सोर्समधल्या जुन्यांवर कॉपी करायच्या. मग '--बिल्ड' द्यायचीही गरज पडत नाही. कॉन्फिगर सरळ पुढं गेलं.

एक सांगतो, कारण यात फार जण अडकतात: बिल्ड म्हणजे कंपाइल होतंय ते मशीन, होस्ट म्हणजे प्रोग्रॅम चालणार ते. टार्गेट फक्त कंपाइलरसारखी टूल्स बांधताना लागतं. लॅपटॉपवरून पायसाठी क्रॉस-कंपाइल करायचं असेल तर '--होस्ट' द्या.