माकडाचं पिल्लू घरी आणलंय? आधी फोन लावा

वनखात्यातून निवृत्त होऊन वारज्यात राहायला आलो, तरी उन्हाळा लागला की फोन येतोच. "काका, आई तारेला चिकटून गेली, पिल्लू आम्ही घरी आणलंय. पोरांना लळा लागलाय. ठेवलं तर चालेल ना?"

नाही चालणार. सिंहगडावर हातातलं कणीस पळवणारं आपलं साधं माकड 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. त्याला पकडणं ही कायद्याच्या भाषेत शिकारच. शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद आणि दंड किमान 25,000 रुपये. "पकडलं नाही, सापडलं" हे खरं असलं तरी ताब्यात आल्यापासून 48 तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावंच लागतं. महिनाभर सांभाळून मग कळवलं, तर मधल्या दिवसांचं उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

तेव्हा 1926 ला फोन लावा, ही वनखात्याची हेल्पलाइन. कोणाशी, किती वाजता बोललात ते लिहून ठेवा. माणसं येईपर्यंत पिल्लू खोक्यात, जुन्या सुती कापडावर, अंधारात ठेवा. गाईचं दूध पाजू नका. पोरांना लांब ठेवा, सेल्फी तर नकोच. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. पिल्लू नेताना लेखी पोच मागून घ्या, लाजू नका. पुण्यात अशा जनावरांसाठी बावधनला उपचार केंद्र आहे. स्वतःच गाडीत घालून घाटात सोडून येऊ नका; माणसाळलेलं पिल्लू परक्या टोळीत टिकत नाही.

हल्ली दुसरीच तऱ्हा सुरू आहे. ब्राझीलचं मार्मोसेट, मुठीएवढं माकड, आणि विकणारा म्हणतो, "परदेशी आहे, कायदा लागू नाही." साफ खोटं. 2024 च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यावर 30 दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पुढे पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवायचं. विकणारा नोंदणीच्या कागदाची झेरॉक्स दाखवेल. त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा. मला विचाराल तर घेऊच नका. टोळीत राहणारं जनावर फ्लॅटच्या पिंजऱ्यात एकटं पडलं की स्वतःचेच केस उपटत बसतं.

मदारी दिसला तर? माकडाला शिकवून खेळ करायला केंद्राने 1998 पासूनच बंदी घातलीय. तिथंही 1926.

आणि शेजाऱ्याच्या बाल्कनीत साखळीला बांधलेलं माकड दिसलं, तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका. रातोरात जनावर हलवलं जातं आणि पंचनाम्याला रिकामी साखळी उरते. फोटो आणि पत्ता फक्त वनखात्याला द्या.