राउटरवरचे एरर आकडे वाचताना

सिस्को राउटरवर ‘शो इंटरफेसेस’ या कमांडने दिसणारे एररचे आकडे काउंटर शेवटचे शून्य केल्यापासूनची बेरीज असते, नुसता मोठा आकडा पाहून घाबरू नका. ‘क्लिअर काउंटर्स’ द्या, दहा मिनिटांनी पुन्हा बघा.

सीआरसी (वाटेत बिघडून आलेल्या फ्रेम्सचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचा आकडा) वाढतोय? आधी केबल आणि कनेक्टर बदला. तरीही वाढला, तर दोन्ही टोकांचं डुप्लेक्स तपासा: फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं, हाफ म्हणजे एका वेळी एकच. एकीकडे ऑटो (पोर्टने स्वतः ठरवायचं), दुसरीकडे सक्तीने फुल ठेवलं की ऑटोवालं १०/१०० एमबीपीएसचं पोर्ट हाफवर उतरतं. मग हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर), फुल बाजूला सीआरसी आणि रंट (अर्धवट, फार लहान फ्रेम्स) दिसतात. पिंग मात्र व्यवस्थित चालतं, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही.

आउटपुट ड्रॉप्स (बाहेर जाताना टाकून दिलेली पॅकेट्स) ही बहुधा केबलची तक्रार नसते, पाठवायची रांग भरलेली असते. रांग भरवणारे ट्रॅफिकचे छोटे झटके पाच मिनिटांच्या सरासरीत लपतात. ‘लोड-इंटरव्हल ३०’ लावा, म्हणजे सरासरी तीस सेकंदांची होते.