कादंबरीवरचा सायफाय चित्रपट बघताय? मग या चुका टाळा

‘पुस्तकात असं नव्हतं!’ हे वाक्य मी अंधाऱ्या थिएटरात इतक्या वेळा पुटपुटलोय, की घरचे आता अशा चित्रपटाला मला रांगेत अगदी कडेला बसवतात. सायफाय म्हणजे माझा जीव की प्राण, त्यामुळे चुकाही मी मनापासून केल्या. त्यातल्या काही तुम्हाला टाळता येतील. (पुढे शेवट फुटणार आहेत. ‘ड्यून’ बघायचा राहिला असेल तर पुढचा भाग सोडून द्या.)

पुस्तकाशी ताळा करत बसणं

सगळ्यात मोठी चूक हीच. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ १९६५ची. तिच्यातली पात्रं मनातल्या मनात फार बोलतात. १९८४ मध्ये डेव्हिड लिंचने चित्रपट केला, तेव्हा त्याने ही स्वगतं कुजबुजत्या आवाजात तशीच पडद्यावर आणली. इमानदारी म्हणाल तर पुरेपूर. पण बघताना वाटतं, नाटकातला प्रॉम्प्टर विंगेतून जरा जास्तच मोठ्याने बोलतोय.

डेनी व्हिलनव्हने २०२१ आणि २०२४ च्या दोन भागांत ती स्वगतं जवळजवळ काढूनच टाकली. दुसऱ्या भागात तर त्याने चक्क मोडतोड केली. कादंबरीत मध्ये वर्षं उलटतात, नायक पॉलची बहीण आलिया जन्मते आणि चिमुरडी असतानाच खलनायक बॅरनला विषारी सुई टोचून मारते. चित्रपटात ती शेवटपर्यंत आईच्या पोटातच आहे. कादंबरीतली चानी, म्हणजे पॉलची प्रेयसी, त्याच्या पाठीशी उभी राहते, चित्रपटातली त्याच्याकडे पाठ फिरवून वाळवंटात निघून जाते.

पहिल्यांदा बघताना मी या सगळ्यावर मनातल्या मनात फुल्या मारत होतो. घरी येताना रिक्षात डोक्यात प्रकाश पडला. हर्बर्टला पॉल हा तारणहार म्हणून रंगवायचाच नव्हता. एखाद्या नेत्यामागे डोळे मिटून जाऊ नका, हा त्याचा इशारा होता. वाचक मात्र पॉलवर फिदा झाले. मग १९६९ मध्ये दुसऱ्या कादंबरीत हर्बर्टने पॉलच्याच तोंडून हिशोब वदवला: त्याच्या नावाने झालेल्या युद्धात मेलेली माणसं ६१ अब्ज, तीही कमीत कमी धरून. व्हिलनव्हने तोच इशारा पहिल्या कादंबरीच्या गोष्टीत ओढून आणला आणि चानीच्या चेहऱ्यावर ठेवला. कथानक बदललं, पण हर्बर्टला जे म्हणायचं होतं ते लिंचच्या चित्रपटापेक्षा इथे जास्त ऐकू येतं.

तेव्हापासून मी एक कसोटी लावतो. बदल दिसला की आधी बघायचं, पुस्तकातलं ते काम चित्रपटात दुसऱ्या कुणी उचललंय का? उचललं असेल तर तक्रार नाही. कुणीच उचललं नसेल, तर मग खुशाल बोटं मोडा.

भलतीच आवृत्ती लावणं

‘ब्लेड रनर’ रटाळ वाटला असं कुणी म्हणालं, की मी पहिला प्रश्न विचारतो: नायक मधूनमधून स्वतःच गोष्ट सांगत होता का? उत्तर ‘हो’ असेल तर निदान झालं. १९८२ मध्ये प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत निर्मात्यांनी प्रेक्षकांना समजावं म्हणून व्हॉइसओव्हर घातला आणि शेवट गोड केला. त्या गोड शेवटातली डोंगरदऱ्यांची हवाई दृश्यं तर स्टॅनली क्यूब्रिकच्या एका भयपटासाठी चित्रित होऊन उरलेली! १९९२च्या आवृत्तीत हे दोन्ही गेलं, आणि २००७ची ‘फायनल कट’ ही दिग्दर्शक रिडली स्कॉटच्या पूर्णपणे मनासारखी झालेली. तीच लावा. सुरुवातीला नायकाचा कंटाळलेला आवाज गोष्ट सांगू लागला, तर तिथेच थांबवून दुसरी शोधा.

फिलिप के. डिक यांची मूळ कादंबरी १९६८ची, आणि ती वेगळीच चीज आहे. त्यात नायक डेकार्डला बायको आहे आणि गच्चीवर एक विजेवर चालणारी मेंढी आहे. खरे प्राणी जवळपास संपलेत, त्यामुळे दारात खरा प्राणी असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट. आपली मेंढी खोटी आहे हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून डेकार्डचा जीव वरखाली होतो. सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. चित्रपटात ही मेंढी नाही, आणि मला ती अजून चुकल्याचुकल्यासारखी वाटते.

श्रेयनामावलीवर डोळे मिटून विश्वास

२००४चा ‘आय, रोबॉट’ बघून विज्ञानकथाकार आयझॅक आसिमॉव्ह कळले असं समजू नका. त्या चित्रपटाची मूळ पटकथा वेगळ्याच नावाची, स्वतंत्र होती. आसिमॉव्ह यांनी रोबॉटांसाठी घालून दिलेले तीन नियम आणि नाव तिला नंतर चिकटलं.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ची गंमत उलटी. तिथे कादंबरी आधी नव्हतीच. आर्थर क्लार्क आणि क्यूब्रिक यांनी कादंबरी आणि पटकथा बरोबरीने रचली, दोन्ही १९६८ मध्ये बाहेर आली. कादंबरीतलं यान शनीला जातं, चित्रपटातलं गुरूला, कारण शनीची कडी पटण्याजोगी दिसेनात. पुढची कादंबरी लिहिताना क्लार्कनी स्वतःचा शनी सोडला आणि चित्रपटातला गुरू धरला. आता बोला, कोण कुणाशी प्रामाणिक?

पुस्तक मिटलं, लगेच तिकीट काढलं

असं करू नका. महिना-दोन महिने जाऊ द्या. ॲलेक्स गारलंडने ‘अ‍ॅनायलेशन’ची पटकथा कादंबरी पुन्हा न उघडता, वाचल्याची जी आठवण मनात उरली होती तिच्यावरून लिहिली. दिग्दर्शकाला विसरण्याची मुभा आहे, तर आपल्याला का नको?

विज्ञानाची चूक चित्रपटाच्या माथी मारणं

‘द मार्शियन’मधलं वादळ हे ठरलेलं उदाहरण. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथे वारा यान कलंडवेल कसा? पण ते वादळ कादंबरीतलंच आहे, आणि अँडी वीअर यांनी ते जाणूनबुजून घातलंय. अंतराळवीराने हातमोज्याला भोक पाडून सुटणाऱ्या हवेच्या जोरावर उडण्याची कल्पना मात्र पुस्तकात फेटाळली जाते आणि चित्रपटात वापरली जाते. रागवायचं तर तिथे रागवा.

लेखकाचा शब्द अखेरचा मानणं

स्तानिस्वाव लेम यांची ‘सोलारिस’ १९६१ची. आंद्रेई टार्कोव्स्कीने १९७२ मध्ये तिचा चित्रपट केला आणि दोघांचं चांगलंच वाजलं. कादंबरी थेट अंतराळात सुरू होते, चित्रपट मात्र बराच वेळ पृथ्वीवर, तळ्याकाठच्या घरात रेंगाळतो. लेमना हवा होता तो सोलारिस ग्रहावरचा, माणसाच्या आकलनापलीकडचा महासागर, टार्कोव्स्कीला हवा होता पश्चात्तापाने पोखरलेला माणूस. लेम यांचं म्हणणं असं की त्याने ‘सोलारिस’ नव्हे, ‘क्राइम अँड पनिशमेंट’ (दोस्तोव्हस्कीची गुन्हा आणि पश्चात्तापाची कादंबरी) केला. त्यांचा राग मला कळतो, आणि तरी तो चित्रपट मी चार वेळा बघितलाय.

लेमची बाजू घेऊन मी एकदा मित्राशी तासभर भांडलो होतो. कादंबरीतला शब्द न् शब्द कसा महत्त्वाचा आहे, हे मी त्याला माझ्या इंग्रजी प्रतीतले उतारे वाचून दाखवत होतो. पुढे कधीतरी कळलं, की १९७०चा तो अनुवाद पोलिशवरून झालेलाच नव्हता. आधी पोलिशचं फ्रेंच आणि मग फ्रेंचचं इंग्रजी. स्वतः लेमनाही तो पसंत नव्हता. थेट पोलिशवरून केलेला इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. मित्राला हे अजून सांगितलेलं नाही.