हिवाळ्यात प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने जाताना

रेलजेट गाडीने प्रवास साधारण चार तासांचा. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळचीच गाडी घ्या. वाटेतल्या ब्रनो शहराच्या आधीचं स्विताव्हा नदीचं खोरं उजेडात बघायलाच हवं. सेकंड क्लासचं तिकीट म्हणजे सीट नव्हे! दोघांना शेजारी बसायचं तर रिझर्व्हेशन वेगळं करा, नाहीतर नाताळच्या गर्दीत दोन टोकांना बसावं लागतं. स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं असतं. गाडी चुकली की पैसे गेले. प्रागला प्लॅटफॉर्म नंबर शेवटच्या काही मिनिटांतच लागतो, म्हणून बोर्डाजवळच थांबा. डब्यात हीटर असतो, थर्मलवर जाड स्वेटर घातलात तर घामाघूम व्हाल. पासपोर्ट हाताशी ठेवा, सीमेवर कधीकधी तपासतात. गाडी बहुतेकदा व्हिएन्नाच्या पुढेही जाते, तेव्हा बॅगा वेळेत काढा.