घरचे इंटरनेट बंद न पाडता होम लॅब कशी उभारावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून मराठी माध्यमात शिकून अभियांत्रिकीला गेलेल्या मुलांना नेटवर्किंग हा विषय बहुधा इंग्रजी पुस्तकांतील आकृत्यांतूनच भेटतो. राउटर, स्विच आणि सर्व्हर स्वतः जोडल्याशिवाय, बिघडवल्याशिवाय आणि पुन्हा सुरळीत केल्याशिवाय हा विषय हाताखाली येत नाही, आणि त्यासाठी महागडी सामग्री लागते असेही नाही. एका जुन्या डेस्कटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवून हे सारे जाळे (नेटवर्क) घरातच उभे करता येते; सरावासाठीची ही घरगुती प्रयोगशाळा म्हणजेच होम लॅब. अट एकच, आणि या लेखातील प्रत्येक पायरी तिच्याशीच बांधलेली आहे : लॅबमध्ये काहीही बिघडले तरी घरातील माणसांना त्याचा उपद्रव होता कामा नये.

ही अट मी अनुभवातून शिकलो. पहिल्या लॅबमधील व्हर्च्युअल मशीन मी थेट घरच्या राउटरच्या जाळ्यात सोडले आणि त्यावर डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटणारी सेवा, सुरू केली. अर्ध्या तासात वहिनींची ऑनलाइन शिकवणी मध्येच बंद पडली. त्यांच्या मोबाईलमध्ये वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसत होते, पण एकही पान उघडत नव्हते. वाय-फायचा तपशील उघडून पाहिला तेव्हा ‘गेटवे’च्या, म्हणजे इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराच्या, रकान्यात राउटरच्या १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.१.५०, म्हणजे माझ्याच व्हर्च्युअल मशीनचा पत्ता होता. जाळ्यात नव्याने आलेले उपकरण पत्त्यासाठी सर्वांना एकदम हाक मारते आणि साधारणपणे ज्याचे उत्तर आधी येते त्याचे म्हणणे मान्य करते. माझ्या मशीनचे उत्तर आधी पोहोचले होते आणि त्याच्यापुढे इंटरनेटचा रस्ताच नव्हता.

यंत्राची निवड

चार कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असलेला कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप सुरुवातीला पुरेसा आहे. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसरमध्ये तडजोड करावी, रॅममध्ये करू नये, कारण प्रत्येक व्हर्च्युअल मशीन आपल्या वाट्याची रॅम अडवून बसते. दुकानातच विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ आहे का ते पाहावे. नसल्यास बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन इंटेलच्या यंत्रात ‘व्हीटी-एक्स’ आणि एएमडीच्या यंत्रात ‘एसव्हीएम’ हा पर्याय सुरू करावा. डेस्कटॉप राउटरला केबलनेच जोडावा. एकाच वाय-फाय जोडणीमागून अनेक व्हर्च्युअल मशीनची रहदारी बहुतेक राउटर स्वीकारत नाहीत.

आपल्याकडील पावसाळ्याचा विचार आधीच केलेला बरा. खानापूर भागात एकदा पाऊस लागला की लाईट ये-जा करते, आणि डिस्कवर लिहिण्याचे काम चालू असताना यंत्र अचानक बंद पडले तर आतील माहिती खराब होऊ शकते. म्हणून छोटा यूपीएस घ्यावा, आणि शक्यतो यूएसबी केबलने संगणकाशी बोलणारा घ्यावा, म्हणजे बॅटरी संपत येताच यंत्र स्वतःहून रीतसर बंद होण्याची व्यवस्था करता येते. विजा कडाडत असताना मात्र यूपीएसवर विसंबू नये. छतावरून किंवा खांबावरून आलेल्या तांब्याच्या केबलमधूनही दाब आत शिरतो, त्यामुळे वीजजोडणीबरोबर नेटवर्क केबलही काढून ठेवावी.

आधी कागदावर

संगणक सुरू करण्यापूर्वी वहीत दोन चौकोन काढावेत. पहिल्यात घरचे जाळे, समजा १९२.१६८.१.०/२४, आणि दुसऱ्यात लॅबचे जाळे, १०.२०.१०.०/२४. इथे /२४ म्हणजे पत्त्यातील पहिले तीन आकडे जाळ्याचे आणि शेवटचा उपकरणाचा. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांच्या गटांपैकीच हे दोन्ही आहेत आणि प्रत्येकात २५४ उपकरणे मावतात. दोन्हींकडचे आकडे ठळक वेगळे ठेवावेत, म्हणजे पत्ता पाहताच आपण घर आणि लॅब यांच्यामध्ये बांधायच्या भिंतीच्या कोणत्या बाजूला आहोत ते कळते.

प्रॉक्समॉक्स बसवणे

व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी डेबियन लिनक्सवर उभारलेली प्रॉक्समॉक्स व्हीई ही प्रणाली मुक्त आहे आणि २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात असलेले केव्हीएम हे व्हर्च्युअल मशीनचे तंत्र ती वापरते. तिची फाईल पेन ड्राइव्हवर उतरवून त्यावरून संगणक सुरू करावा. निवडलेली डिस्क ही प्रणाली पूर्ण पुसून टाकते, म्हणून जुने फोटो आणि कागदपत्रे आधी काढून घ्यावीत. पत्ता विचारला जाईल तेव्हा १९२.१६८.१.१० सारखा, घरच्या राउटरच्या वाटपात नसलेला, कायमचा पत्ता द्यावा. यापुढे डेस्कटॉपला मॉनिटर लागत नाही. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपीएससह तोच पत्ता आणि पुढे कोलन देऊन ८००६ लिहिले की नियंत्रणाचे पान उघडते. प्रमाणपत्राविषयी येणारी सूचना इथे अपेक्षितच आहे, कारण ते प्रमाणपत्र यंत्राने स्वतःच तयार केलेले असते. अपडेटसाठी सशुल्क भांडार (जिथून अपडेट उतरतात ती जागा) बंद करून ‘नो-सबस्क्रिप्शन’ भांडार निवडावे.

भिंत बांधणे

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रॉक्समॉक्समध्ये ‘व्हीएमबीआर०’ नावाचा ब्रिज आधीच असतो. ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच, आणि हा ब्रिज खऱ्या केबलला, म्हणजे घरच्या जाळ्याला जोडलेला आहे. ‘नेटवर्क’ विभागात आणखी एक लिनक्स ब्रिज, ‘व्हीएमबीआर१’, तयार करावा. त्यात पोर्टचा आणि पत्त्याचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवावा आणि बदल लागू करावा. कोणत्याही खऱ्या केबलला न जोडलेला हा स्विच म्हणजेच आपली प्रयोगशाळा.

दोन्ही बाजूंच्या मध्ये दार हवे. त्यासाठी २०१५ मध्ये पीएफसेन्स या तशाच प्रणालीपासून वेगळी झालेली ओपीएनसेन्स ही राउटर प्रणाली एका व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवावी. तिला २ कोअर, ४ जीबी रॅम, ३२ जीबी डिस्क आणि दोन नेटवर्क कार्डे द्यावीत : पहिले ‘व्हीएमबीआर०’वर, दुसरे ‘व्हीएमबीआर१’वर. यंत्र सुरू करण्यापूर्वी पहिल्या कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘डिस्कनेक्ट’वर खूण करावी. ओपीएनसेन्स आतल्या बाजूला ‘लॅन’ आणि बाहेरच्या बाजूला ‘वॅन’ म्हणते, आणि लॅनवर पत्ते वाटते. तिने घरच्या बाजूचे कार्डच ‘लॅन’ समजून घेतले, तर वहिनींच्या शिकवणीचा प्रसंग पुन्हा घडेल. दोन्ही कार्डांचे मॅक पत्ते, म्हणजे प्रत्येक कार्डाचे स्वतःचे ओळख क्रमांक, ताडून ‘वॅन’ आणि ‘लॅन’ ठरवावेत, लॅनचा पत्ता १०.२०.१०.१ करावा, वाटपासाठी १०.२०.१०.१०० ते २०० ही मर्यादा द्यावी, आणि मगच ती खूण काढावी. लॅनचा पत्ता बदलणे टाळू नये. ओपीएनसेन्सचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि घरोघरच्या कित्येक राउटरचाही तोच असतो. दोन्ही बाजूंना एकच जाळे दिसले, तर पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, कोणत्या दाराने बाहेर काढायचे हे राउटरला ठरवता येत नाही.

आता डेस्कटॉप असलेले एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन फक्त ‘व्हीएमबीआर१’वर तयार करावे. आधी १०.२०.१०.१ ला पिंग करावे, म्हणजे उत्तर येते का ते पाहणारा छोटा संदेश पाठवावा, नंतर इंटरनेटवरील गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिले अडले तर दोष ब्रिजमध्ये किंवा पत्त्यात, दुसरे अडले तर राउटरच्या बाहेरच्या बाजूला, आणि केवळ तिसरे अडले तर डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेत, आहे असे समजून शोध सुरू करावा.

एवढ्यावर भिंत पूर्ण झाली असे मानू नये. लॅबमधून बाहेर जाणारी रहदारी घरच्या जाळ्यातूनच जाते, त्यामुळे लॅबमधील यंत्राला घरच्या टीव्हीपर्यंतही पोहोचता येते. त्याच लिनक्स मशीनच्या ब्राउझरमध्ये १०.२०.१०.१ उघडून लॅनच्या नियमांत १९२.१६८.१.०/२४ कडे जाणारी रहदारी अडवणारा नियम घालावा, आणि तो सर्व मोकळे सोडणाऱ्या नियमाच्या वर ठेवावा, कारण नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो. त्यानंतर १९२.१६८.१.१ ला पिंग अडले आणि ८.८.८.८ ला लागले, तर नियम बरोबर बसला.

पुढचे प्रयोग

यापुढे व्हीलॅनकडे, म्हणजे एकाच स्विचवर क्रमांकाच्या खुणेने (टॅगने) वेगळी केलेल्या जाळ्यांकडे, वळावे. ‘व्हीएमबीआर१’वर ‘व्हीलॅन अवेअर’ची खूण केली की एकाच ब्रिजवर टॅग २० आणि ३० अशी स्वतंत्र जाळी चालवता येतात. व्हीलॅनच्या ८०२.१क्यू या मानकात या टॅगच्या क्रमांकासाठी १२ बिट असतात, म्हणून वापरता येणारे क्रमांक ४०९४ इतके आहेत. प्रत्येक प्रयोगापूर्वी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्यावा, मात्र त्याला बॅकअप समजू नये. तो त्याच डिस्कवर राहतो आणि डिस्क गेली की तोही जातो, त्यामुळे आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यावा.

शेवटी बायोसमध्ये वीज परत येताच यंत्र सुरू होण्याचा पर्याय निवडावा, आणि ओपीएनसेन्सच्या मशीनला ‘स्टार्ट ॲट बूट’ची खूण करून क्रम १ व ६० सेकंदांचा विलंब द्यावा, आणि लिनक्स मशीनलाही तीच खूण करून क्रम २ द्यावा, म्हणजे आधी राउटर उभा राहतो आणि बाकीच्या मशीनना पत्ता मिळतो. ही व्यवस्था पावसाची वाट न पाहता लगेच तपासावी : सर्व मशीन आणि डेस्कटॉपही रीतसर बंद करून भिंतीवरचे बटण (यूपीएस असल्यास त्याचे बटण) बंद करावे, मिनिटभराने चालू करावे, आणि कशालाही हात न लावता लिनक्स मशीनला १०.२०.१०.१०० पासूनचा पत्ता मिळतो का ते पाहावे.