कॅमेऱ्याच्या बॅगेत एक कंगवा ठेवा

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात साउथ माउंटन या डोंगरावर संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून चोया कॅक्टसचा फोटो काढला की काटे सोन्यासारखे चमकतात, पण त्यासाठी खाली बसावं लागतं आणि तिथेच घोळ होतो. चोयाचे तुटून खाली पडलेले काटेरी गोळे बुटाला, बॅगेला, पोटरीला चिकटतात, आणि काट्यांना बारीक उलटे दात असतात म्हणून हाताने ओढायला गेलं की गोळा बोटांतच रुततो. माझ्या गुडघ्याला एकदा असा गोळा लागला तेव्हापासून साधा मोठ्या दातांचा कंगवा कायम जवळ असतो.

१. बसायच्या आधी जमीन नीट बघा, गोळे बुटाच्या टाचेने नाही, काठीने बाजूला सारा. सापही बघून घ्या.
२. चिकटलाच तर कंगव्याचे दात कातडी आणि गोळा यांच्या मधे सरकवा.
३. एका झटक्यात अंगापासून लांब उडवा, हळूहळू ओढलं तर जास्त दुखतं.
४. मागे राहिलेले काटे चिमट्याने काढा.

उडवताना समोर कोणी नाही ना, विशेषतः पोरं, हे आधी बघा, गोळा चांगला लांब जातो.