टेकडीवरची नोंद समुद्रात जाऊ नये म्हणून: जैवविविधतेचा डेटा जगाला खुला करताना या चुका टाळा

पुण्याच्या वेताळ टेकडीवर टिपलेली आमची एक नोंद नकाशावर नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात दिसत होती. अक्षांश 18.52 आणि रेखांश 73.82, हे दोन आकडे तक्त्यात उलटे भरले गेले होते, एवढंच. दोन्ही रकाने भरलेले, आकडेही बरोबर, त्यामुळे तिघांनी फाइल तपासूनही कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुण्यात झाडं, पक्षी, बेडूक, फुलपाखरं यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत. आता अनेकांना त्या ‘जीबीआयएफ’वर द्यायच्या असतात. सजीवांच्या नोंदी सगळ्यांना खुल्या करणारं, 2001 मध्ये अनेक देशांनी मिळून उभं केलेलं हे जाळं आहे, त्याचं सचिवालय कोपनहेगनला आहे. कुठल्याही देशातल्या नोंदी एकत्र वाचता याव्यात म्हणून तिथे ‘डार्विन कोअर’ हे सामाईक मानक वापरतात. रकाना कुठला आणि त्यात काय लिहायचं, हे त्यात ठरलेलं आहे. पण त्या दिवशी टेकडीवर कोण उभं होतं, हे कुठल्याच मानकाला माहीत नसतं. परदेशातला अभ्यासक आपली चूक फार तर ओळखेल, दुरुस्त करू शकणार नाही. म्हणून फाइल पुण्यातून बाहेर पडण्याआधीच, वही शेजारी ठेवून ती तपासायची.

जागेच्या चुका सगळ्यात जास्त होतात. देशाचा रकाना ‘आयएन’ या भारताच्या संकेताने भरलेला असेल, तर अक्षांश-रेखांश उलटे पडल्याची शंका जीबीआयएफची यंत्रणा स्वतःच घेते आणि तशी खूण करते. तो रकाना रिकामा ठेवला की ही मदत गेली. जागा माहीत नसेल तर शून्य लिहू नका, रकाना कोरा सोडा. शून्य-शून्य म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेचा समुद्र, आणि जगभरच्या असंख्य नोंदी तिथे जाऊन पडतात. जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशावरून, जागा काढली असेल तर तिचा आधार (अक्षांश-रेखांश ज्या चौकटीवर मोजतात ती) ‘एव्हरेस्ट’ आहे, जीपीएसचा ‘डब्ल्यूजीएस 84’ नव्हे, हे लिहा. तसं न लिहिता आकडे दिले तर जागा दहावीस मीटरने नव्हे, त्याहून बरीच सरकते. ओढ्याकाठचं झुडूप पठारावर दिसायला तेवढं पुरतं.

आता एक चूक मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ती मी स्वतः केली आहे. पहिल्या ओळीत ‘डब्ल्यूजीएस 84’ लिहिलं आणि माउसने कोपरा धरून रकाना खाली ओढला. स्प्रेडशीटने शेवटचा आकडा वाढवत नेला: 85, 86, 87, थेट चारशेच्या पुढे. असे आधार अस्तित्वातच नाहीत. रकाना ओढून भरलात की सगळ्यात खालची ओळ बघाच.

तारखेचंही तसंच. 03/04/2019 म्हणजे आपल्याला 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च. 2019-04-03 असं लिहिलं की वाद मिटतो. रात्री काम करणाऱ्यांनी वेळेपुढे +05:30 जोडावं. 15 जुलैच्या पहाटे दोन वाजता ऐकलेला बेडूक जागतिक वेळेनुसार 14 जुलैच्या रात्री साडेआठचा असतो.

गावांची, ओढ्यांची नावं मराठीत जरूर द्या, पण युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं दुसऱ्या संगणकावर अगम्य अक्षरं होऊन बसतात. फाइल सेव्ह करताना ‘यूटीएफ-8’ निवडलं आहे ना, हेही पाहा.

यापेक्षा गंभीर चूक ओळख-क्रमांकाची. प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक हवा. कित्येक जण ओळीचा क्रमांकच देतात. पुढच्या वर्षी तक्ता नावांनुसार लावला की कालची 57 नंबरची कारवी आज दुसरंच झाड होते, आणि आधीच्या नोंदीचा आधार घेऊन कुणी लिहिलेलं सगळं लटकतं. जीबीआयएफवरून उतरवलेल्या डेटाला स्वतःचा ‘डीओआय’, म्हणजे संदर्भ देण्यासाठीचा कायमचा डिजिटल क्रमांक, मिळतो, त्यामुळे कोणत्या संशोधनात आपल्या नोंदी वापरल्या हे आपल्यापर्यंत पोहोचतं. हा दुवा मला फार मोलाचा वाटतो. पावसात भिजत वही सांभाळणाऱ्या मुलीला तिची नोंद कुठे गेली, हे कळायलाच हवं.

परवाना निवडायला तीनच पर्याय असतात: कुठलीच अट न घालणारा सीसी झिरो, फक्त श्रेय द्यायला सांगणारा सीसी बाय आणि श्रेयासोबत व्यापारी वापराला मनाई करणारा सीसी बाय-एनसी. तिसरा सुरक्षित वाटतो, पण ‘व्यापारी’ नेमकं कशाला म्हणायचं या शंकेने चांगला अभ्यासकही मागे फिरतो. माझं मत सीसी बायच्या बाजूने आहे.

खुला म्हणजे सगळं उघडं नव्हे. दुर्मीळ कंदीलपुष्पाची अचूक जागा टाकली तर कंद उकरणारा थेट तिथे पोहोचेल. जागा एक दशांश अंशापर्यंत, म्हणजे साधारण 11 किलोमीटरपर्यंत ढोबळ करा आणि तसं केल्याचं त्यासाठीच्या रकान्यात स्पष्ट लिहा. नमुने परदेशी पाठवणं ही मात्र वेगळी बाब आहे. त्याआधी 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते का, हे संस्थेत विचारून घ्या.

शेवटचं, संपर्काचा पत्ता. पीएचडी करणाऱ्या मुलाचा खासगी ईमेल देऊ नका. तो दोन वर्षांनी निघून जातो. विभागाचा पत्ता द्या, आणि प्रत्येक नोंदीसोबत वहीचा व पानाचा क्रमांक लिहा. ‘नाल्याकाठी म्हणजे कोणत्या नाल्याकाठी?’ असं विचारणारं पत्र आम्हाला आलं, तेव्हा वही 4, पान 31 एवढ्यावरून उत्तर त्याच दुपारी गेलं.